राहू दे म्हणून ठेवलेले खोके

ऐकू येतंय का मागे? तो पंखा कुरकुरतोय, पण बंद नका करू, उकडेल. मीच जरा मोठ्याने बोलते.

सगळ्यांना नमस्कार, जय भीम. बरीच माणसं आलीत. कॅम्पातले सिंधी सेठ लोक आलेत, बुवापाड्यातून माझी माणसं आलीत, साळवींच्या या बिल्डिंगमधले शेजारी तर आहेतच. एवढी माणसं एका हॉलमध्ये बघून साळवी काय म्हणाले असते, ठाऊक आहे? म्हणाले असते, वंदना, एवढ्यांच्या चहाचं काय?

मला भाषण येत नाही. सोसायटीचे सेक्रेटरी महादूकाका म्हणाले, साळवींबरोबर तुम्हीच सगळ्यात जास्त वर्षं काढलीत, तेव्हा तुम्हीच बोला. म्हटलं, काका, मी खोके उचलणारी बाई, मी काय बोलणार? म्हणाले, मग खोक्यांबद्दल बोला. म्हणून उभी राहिले. आणि खरं सांगू का, उभं राहायचंसुद्धा त्राण नाही. साळवी गेल्यापासून माझा फोन थांबलेला नाही. वाईट झालं हो वंदनाताई, असं म्हणतात आणि दुसऱ्या वाक्याला विचारतात, आमच्या फायली कुठे आहेत? थकले मी. माणूस गेल्यावर रडायला तरी जरा फुरसत पाहिजे ना? ती पण नाही मिळाली.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. दत्ताराम साळवींचा चिखलोलीला एक गाळा होता. भाड्याचा. त्यात ते दुसऱ्यांची जुनी कागदपत्रं सांभाळायचे. दुकानं, कारखाने, दवाखाने, वकील, हिशेब तपासणारे, सगळ्यांकडे कागद साठतात. जागा नसते. फेकायची सोय नसते, कारण कधी कुठली नोटीस येईल सांगता येत नाही. मग ते खोक्यात भरून आमच्याकडे यायचं. आम्ही खोक्यावर नाव लिहायचो, डांबराच्या गोळ्या टाकायचो, रॅकवर चढवायचो. मागितलं की काढून द्यायचो. मुदत संपली आणि मालकाने लिहून दिलं की मशीनमध्ये घालून त्याच्या पट्ट्या करायच्या, पट्ट्या कागदाच्या गिरणीला पाठवायच्या आणि मालकाला दाखला द्यायचा, की बाबा, तुझे कागद नष्ट केले. झालं. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. कंबर मोडते.

आता तो गाळा जातोय, हे तुम्हाला कळलं असेलच. स्टेशन होणार म्हणून चिखलोलीच्या जमिनीला सोन्याचे दिवस आलेत. गाळ्याच्या मालकाने जागा बिल्डरला दिली. सोमवारी चावी परत करायची आहे. ज्यांचे खोके होते त्यांनी बहुतेकांनी नेले. काहींनी कळवलं, फोटो काढून घेतलेत, आता कागद नकोत, तुम्हीच काय ते करा. ते मी केलं. एकटीने केलं. पण एक रॅक अजून भरलेला आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. साळवी असते तर त्यांना कळलं असतं का? नसतं. त्यांना तर अजिबात नसतं कळलं.

त्या रॅकचं सांगायच्या आधी तुम्हाला त्यांची मांडणी सांगते. गाळ्यात मोठे रॅक तीन. पहिल्यावर खडूने लिहिलेलं, लागतं. म्हणजे हल्लीचे कागद, मालक अधूनमधून मागवतो ते. दुसऱ्यावर लिहिलेलं, लागेल. म्हणजे कोणी मागत नाही, पण मुदत संपलेली नाही, कायद्याने ठेवावे लागतात. आणि तिसऱ्यावर लिहिलेलं, राहू दे.

पहिल्यांदा मी कामावर आले तेव्हा विचारलं, साळवी, हे राहू दे म्हणजे काय? म्हणाले, म्हणजे ठेवायचं कारण नाही, पण राहू दे. म्हटलं, कारण नाही तर जागा कशाला अडवता? तर म्हणाले, तुझ्या घरात आहेत त्या सगळ्या वस्तू कारण आहे म्हणून ठेवल्यास काय? आमच्या माळ्यावर मोडका पाळणा होता तेव्हा. अजून आहे.

बोलायला असे तिरकस. तोंडावर कोणाचं कौतुक नाही. माझे मिस्टर त्यांना म्हणायचे, साळवी, तुम्ही लग्न का नाही केलंत? ते म्हणायचे, कोणी ठेवायला दिलंच नाही. आणि स्वतःच हसायचे. चिपळूणकडचा माणूस, आईवडील लवकर गेलेले, इथे सोनिवलीत एका खोलीत राहायचे. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. दुपारी माझ्या डब्यातली भाजी खायचे आणि सांगायचे, मीठ कमी आहे. रोज मीठ कमी. एकदा मुद्दाम जास्त टाकलं, तर म्हणाले, आज बरी आहे. काय बोलायचं अशा माणसाला?

होतू सेठ समोर बसलेत, त्यांची परवानगी घेऊन एक गोष्ट सांगते. सेठ, सांगू ना? हां. ही तुम्हाला सगळ्यांना माहीत पाहिजे, कारण खोकं मशीनला घालायच्या आधी विचारायची सवय साळवींना इथूनच लागली.

होतू सेठचं कॅम्पात कापडाचं दुकान. आधी वडिलांचं एक होतं, मग तिघा भावांची तीन झाली. आणि वाटणीत असं बिनसलं की तिघं एकमेकांच्या दुकानावरून जाताना रस्ता बदलायचे. तिघांकडे लाल कापडाच्या बांधणीच्या जुन्या चोपड्या, माळे भरभरून. त्यांना वाळवी लागलेली. तरी कोणी टाकायला तयार नाही. का? कारण दिवाळीला चोपडीची पूजा झालेली. पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक, गणपतीचं नाव. सेठ म्हणायचे, साईं, ये तो लक्ष्मी है, लक्ष्मी को रद्दी में कौन डालता है?

खरं आहे. कुंकू लावलेलं पान मशीनमध्ये घालायला माझाही हात धजला नसता. मग साळवींनी तोड काढली. म्हणाले, सेठ, पहिलं पान आपण मान राखून फाडू. ती पानं उल्हास नदीत सोडू, बदलापूरला, जिथे पाणी जरा बरं आहे तिथे. देव देवाच्या जागी गेला. मागे राहिला तो कागद. कागदाला मशीनमध्ये घालायला काय हरकत? सेठना एवढं पटलं की त्यांनी बाजारपेठेतल्या दुसऱ्या लोकांनाही सांगितलं. तिघा भावांनी आपापले खोके पाठवले, एकमेकांना न सांगता. विसर्जनाला चांगला दिवस पाहिजे, तो दोन दिवसांवर आलेला. साळवी घाईला आले. सगळ्या चोपड्या एका जागी ओतल्या आणि बसले पानं काढायला. काढली, ओंजळीत धरून नदीत सोडली, हात जोडले, घरी आले.

आता चूक आली का कोणाच्या लक्षात? नाही ना? त्यांच्याही नाही आली.

आठवड्याने होतू सेठ आले. जुन्या कराची कसलीशी नोटीस आलेली, अमुक सालची चोपडी पाहिजे. साळवी म्हणाले, अजून कापलेली नाही, आत्ता देतो. गेले ढिगाऱ्याकडे. सगळ्या लाल. सगळ्या सारख्या. उघडलं तर आत सगळं सिंधीत, आम्हा दोघांना एक अक्षर कळत नाही. दुकानाचं नाव आणि साल कुठे लिहिलेलं? पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला. आणि पहिलं पान कुठे? गणपतीबरोबर वाहून गेलेलं.

साळवींचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. देवा! मग साळवींनीच धाकट्या भावाला फोन लावला, मधल्याला लावला. म्हणाले, भावाशी बोलू नका, माझ्याशी बोला, पण या. तिघं आले. तीन कोपऱ्यांत तीन तोंडं. मी चहा ठेवला, दुसरं काय करणार?

मग एक एक चोपडी उघडायची आणि साळवी विचारायचे, ही कोणाची आहे का? आधी कोणी बोलेना. मग मधला म्हणाला, दिखाओ. मग धाकटा वाकला. अक्षर वडिलांचं होतं. बाप असताना लिहिलेलं. धाकटा म्हणाला, ये देखो, बाबा का सात, उलटा निकालते थे. होतू सेठ हसले. हसता हसता डोळ्याला रुमाल लावला. मग काय, ही माझी, नाही ही माझी, अरे यात तर आपल्या तिघांच्या शाळेच्या गणवेशाचं कापड लिहिलंय, ही तर तिघांची. संध्याकाळपर्यंत गाळ्याच्या फरशीवर मांडी घालून बसले होते तिघं. जाताना होतू सेठ म्हणाले, साळवी साईं, तेरी गलती से भाई मिल गए, पर गलती तो गलती है. आणि साळवी म्हणाले, बरोबर आहे सेठ. गलती आहे.

आज तिघं शेजारी शेजारी बसलेत. मी बघतेय.

त्या दिवसापासून साळवींनी एक रिवाज पाळला. कुठलंही खोकं मशीनकडे न्यायच्या आधी ते मधल्या मोकळ्या जागेत ठेवायचे. झाकण काढायचे. वरचं नाव मोठ्याने वाचायचे आणि हाक मारायचे, कोणाचं आहे का? मालकाने सही दिलेली असली तरी. दाखला टाईप झालेला असला तरी. गाळ्यात फक्त मी असले तरी. कोणाचं आहे का? तीनदा. मी डबा खात असले तरी ओरडायचे. मी म्हणायचे, अहो साळवी, इथे उंदराशिवाय कोण आहे? तर म्हणायचे, उंदराला पण ऐकू दे.

तीनदा विचारून कोणी काही बोललं नाही, तर खोकं मशीनला. आणि कोणी बोललं, माझं आहे म्हणालं, तर झाकण परत लावायचे आणि म्हणायचे, मग राहू दे. पुढे काही विचारायचे नाहीत. तिसऱ्या रॅकवर ठेवून द्यायचे.

कोण बोलणार, असं वाटेल तुम्हाला. पण बोलायची हो माणसं. एकदा टेंपोवाला बोलला. एका जुन्या दवाखान्याची नावनोंदणीची पुस्तकं होती. टेंपोवाला दारात उभा. नाव ऐकलं आणि म्हणाला, मी जन्मलो तिथे. साळवी म्हणाले, मग राहू दे. मी डोक्याला हात लावला. असं करत करत तिसरा रॅक भरत गेला आणि धंदा खंगत गेला. मी भांडायचे. साळवी, तुम्ही कागद नष्ट करायचा धंदा काढलाय का अनाथाश्रम? ते नुसतं फिकं झालेलं राहू दे खडूने परत गिरवायचे.

आता त्या रॅकवर सगळ्यात जास्त खोके कोणाचे आहेत ते सांगते. अंबरनाथला पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना होता. बिस्किटाचे, तेलाचे डबे. इथल्या कितीतरी घरांनी तिथे हाडं झिजवली. माझा मोठा दीर तिथेच होता. कारखाना बंद पडला. मालकाने ऑफिसमधलं सगळं आमच्याकडे आणून टाकलं, थोडे महिने भाडं दिलं, मग फोन लागेना, मग पत्ता बदलला. विकलेल्या मशिनरीचे कागद वकील घेऊन गेला. उरले ते कामगारांचे. हजेरीपट, नोकरीची कार्डं, रजेचे अर्ज. ते कोणाला पाहिजेत?

साळवींनी ते खोके मध्ये आणले. झाकण काढलं. कोणाचं आहे का? मी बोलले नाही. माझ्या मनात आलं, असू दे कोणाचं तरी, आपण किती उचलायचं? दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा दारातून आवाज आला, आमचं आहे. आमच्या पाड्यातल्या कमळताई. त्या मला घरचं काही सांगायला आल्या होत्या.

कमळताई, उठू नका, बसा. सांगू ना? सांगते. कमळताईंचे मिस्टर त्या कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. लवकर गेले. पुरात यांचं घर गेलं, पेटी गेली, पेटीतले फोटो गेले. मुलांना बाप कसा दिसायचा हे दाखवायला एक फोटो नाही. आणि त्या खोक्यात नोकरीचं कार्ड. कार्डावर फोटो. केस मागे वळवलेले, मिशी नुकती फुटलेली, कॅमेऱ्याकडे असं बघतायत जसं काही कोणी दम दिलाय. कमळताई म्हणाल्या, हे आमच्या लग्नाच्या आधीचे. मी यांना असं बघितलंच नव्हतं.

म्हणाल्या, साळवी, द्या ना हे मला. आणि साळवी काय म्हणाले? म्हणाले, ताई, रेकॉर्ड आहे, देता येत नाही. बघता येतं. कधीही या आणि बघा.

मला असा राग आला! अहो, कारखान्याचा मालक पळून गेलेला, विचारणारं कोणी नाही, आणि तुम्ही नियम सांगता? म्हणाले, एकाला काढून दिलं की फाईल तुटते. उद्या दुसरा कोणी आपल्या बापाचं शोधत आला तर अर्धवट खोकं दाखवू? म्हटलं, कोण येतंय? म्हणाले, कमळताई आल्या की.

आणि आले हो. हळूहळू कळत गेलं आणि माणसं येत गेली. कोणाला पेन्शनच्या कामाला कागद पाहिजे, त्याची झेरॉक्स द्यायचे. पण नुसतं बघायला येणारे जास्त. बापाचा रजेचा अर्ज बघायला. अर्जात कारण लिहिलेलं, मुलीचं बारसं. आणि ती मुलगीच समोर उभी, आपल्या बारशाचा अर्ज वाचत. सही करता येत नव्हती म्हणून अंगठा दिलेला बघायला. त्या अंगठ्यावर अंगठा ठेवून बघायचे काहीजण. कमळताई तर रविवारी यायच्या, फोटो बघायच्या, चहा प्यायच्या, जायच्या. मी म्हणायचे, काय मेली ही पद्धत. पण रविवारी मीच ती फाईल वर काढून ठेवायचे.

शेवटी शेवटी साळवी पण थकले होते. मला दिसत होतं. जिना चढून आले की आधी बसायचे. एकदा म्हणाले, वंदना, कंटाळा आला गं. माणसं ठेवून जातात, न्यायला येत नाहीत. मी म्हटलं, मग बंद करा. म्हणाले, हे कुठे ठेवू?

मग तो दिवस. सकाळी कुलूप उघडलं, आत गेले आणि छातीला हात लावून तिथेच बसले. मी आणि टेंपोवाल्याने मिळून सरकारी दवाखान्यात नेलं. उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेलेत.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. होतू सेठ आले. कमळताई आल्या. हे महादूकाका आले. बाक भरला, मग भिंतीला टेकून माणसं उभी राहिली. आणि आतून एक माणूस कागद घेऊन आला आणि ओरडला, दत्ताराम साळवी. यांचं कोणी आहे का?

काय झालं असेल माझं, सांगा. तीच हाक. तोच सूर. मी ताडकन उठले. म्हटलं, आहे.

तो म्हणाला, नातं?

म्हटलं, एका ठिकाणी काम करतो. म्हणाला, तसं नाही बाई, नातं सांगा. रक्ताचं. महादूकाका म्हणाले, शेजारी. त्याने मान हलवली. होतू सेठ पुढे झाले, म्हणाले, भाई लिख दे ना, साईं. तो म्हणाला, आडनाव काय तुमचं? सेठ काय सांगणार?

त्याची चूक नव्हती. त्याचाही नियम. मी आयुष्यभर नियमाने कागद लावले, मला कळतं ते. पण एवढी माणसं भिंतीला टेकून उभी आणि त्या कागदावर लिहायला एक नातं नाही. दोन दिवस साळवी आत थंडीत पडून होते. तिसऱ्या दिवशी चिपळूणहून चुलतभाऊ आला. भला माणूस, त्याला नाव ठेवत नाही. पण त्याने साळवींना लहानपणी बघितलेलं, त्यानंतर नाही. मला म्हणाला, दत्तूदादा तुमच्याकडे नोकरीला होता का? त्याने सही केली. अग्नी त्याने दिला. तेरावं गावी झालं. सगळं रीतीने झालं. आम्ही रिकामे हात घेऊन परत आलो.

म्हणून ही सभा. म्हणून मी उभी आहे, नाहीतर कोण येतंय या गुडघ्यांनी.

आता सोमवारचं बोलते. त्या कारखान्याच्या खोक्यांसाठी मी सगळीकडे पायपीट केली. ग्रंथालयात गेले, म्हणाले, ही पुस्तकं नाहीत. पालिकेत गेले, म्हणाले, आमचा विभाग नाही. विहाराच्या अभ्यासिकेची कमिटी म्हणाली, वर खोली आहे, पण मीटिंगमध्ये ठेवावं लागेल. बबनराव, बरोबर ना? तीन आठवडे झाले, मीटिंग झालेली नाही. माझ्या घरात जागा असती तर मी नेले असते. दहा बाय दहाची खोली, त्यात आम्ही चौघं आणि तो पाळणा. मी थकले. मी एकटीने नाही करू शकत. रविवारपर्यंत कोणी नेलं नाही तर सोमवारी सकाळी गिरणीचा टेंपो येईल आणि मी खोके त्याच्या स्वाधीन करीन. रागावून नाही सांगत. दुसरं काही उरलेलं नाही, म्हणून सांगते.

कमळताई, तुमचं कार्ड मी काढून ठेवलंय. इथे पिशवीत आहे. जाताना घेऊन जा. फाईल तुटली तर तुटली. साळवी ओरडले असते. ओरडू देत.

पण बाकीच्यांचं? रिवाज आहे तो आहे. विचारल्याशिवाय मशीनला काही घालायचं नाही. तर विचारते. तुम्ही सगळे आहात, परत एवढे एका जागी मिळायचे नाहीत.

पत्र्याच्या डब्यांचा कारखाना, अंबरनाथ. कामगारांचे कागद. कोणाचं आहे का?

एकेक बोला. हां, कमळताई. हां, मागे ते, तुमच्या वडिलांचं, हो, आठवतं मला. होतू सेठ, तुमचं नाहीये ते, हात खाली करा. काय? टेंपो देता? द्या, टेंपोला नाही म्हणत नाही. बबनराव, तुम्ही उभे का? खोली देता? अहो, पण मीटिंग? झाली? कधी झाली? आत्ता? इथे, या रांगेत? बरं. बरं बाबा. चौघंही कमिटीचेच ना? माना हलवू नका, बोला. होय म्हणा.

झालं. मग राहू दे.

जरा थांबा हं. पाणी द्या कोणीतरी.

आता शेवटचं. महादूकाकांनी मला सांगितलंय की शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगा. सगळीकडे तसंच करतात, चांगली पद्धत आहे. पण काका, मला नाही सांगवत ते. आमच्या गाळ्यात हाक मारल्यावर सगळे शांत राहिले, की त्याचा अर्थ एकच. कोणाचंच नाही, घाला मशीनला. साळवींसाठी मी तुम्हाला शांत राहा कसं सांगू?

तर उभे राहा. सगळे. म्हाताऱ्यांनी बसलं तरी चालेल. नातं कोणी विचारणार नाही, आडनाव कोणी विचारणार नाही. मी विचारते, तुम्ही सांगा.

दत्ताराम साळवी. कोणाचं आहे का?

नाही ऐकू आलं. पंख्याचा आवाज जास्त आहे तुमच्यापेक्षा.

दत्ताराम साळवी. कोणाचं आहे का?

हां. आता मागच्यांनी पण. शेवटचं विचारते.

दत्ताराम साळवी, कोणाचं आहे का?

आलं. ऐकू आलं.

मग राहू दे.